एकाआड एक मंगळवार

कुंडलिक बनसोडे सायकलवरून गावात शिरला की पोरं ओरडायची, "मलेरिया आला, मलेरिया आला!" तेरा वर्षं तो सिद्धनकेरीत येत होता, पण त्याला कुंडलिक म्हणून हाक मारणारं माणूस त्या गावात अजून जन्माला यायचं होतं. ज्या रोगाला हाकलायला सरकारनं त्याला नेमलं, त्याच रोगाचं नाव गावानं त्याला चिकटवून दिलं होतं. कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायका जरा मायेनं 'मलेरियाप्पा' म्हणायच्या, एवढाच काय तो फरक. त्याचं त्याला आता काही वाटत नाही, असं तो स्वतःला सांगायचा. वाटत होतंच, पण ते सांगायचं कुणाला?

सोलापुरात भवानी पेठेच्या मागल्या बाजूला त्याची भाड्याची एक खोली होती. शेजारी मागांचा कारखाना. खटखट, खटखट सुरू झाली की दिवस उजाडला आणि ती थांबली की दिवस संपला, असं त्या खोलीतलं घड्याळ. सकाळी दोन भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधून तो एसटीनं वळसंगला जायचा, तिथल्या दवाखान्यात ठेवलेली सरकारी सायकल घ्यायचा आणि गावं धरायचा. दहा गावं, पंधरा दिवसांत एक फेरी. वळसंगच्या पुढं चार मैलांवरच्या सिद्धनकेरीचा वार मंगळवार, तोही एकाआड एक.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. प्रत्येक दारात जायचं आणि विचारायचं, "घरात कुणाला ताप? पंधरा दिवसांत कुणाला येऊन गेला?" हो म्हणाले तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या, पट्टी तपासायला पाठवायची. नाही म्हणाले तर पुढचं दार. आणि हो म्हणोत की नाही म्हणोत, दाराशेजारी बाहेरच्या भिंतीवर गेरूनं काढलेली एक चौकट असायची, तीत त्या दिवसाची तारीख शिसपेन्सिलीनं लिहायची आणि खाली सही. दसऱ्याला बाया घरं पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, जुन्या तारखा त्याखाली जायच्या, मग कुंडलिक नव्या चौकटी काढायचा. वर्ष असं भिंतीवर चढायचं आणि भिंतीवरच पुसलं जायचं.

कुंडलिक उंबऱ्याच्या आत कधी गेला नाही. कुणी 'येऊ नको' असं तोंडानं म्हटलं नव्हतं, म्हणायची गरजही नव्हती. बनसोडे हे आडनाव त्याच्या आधी दारात पोचायचं. तापानं फणफणलेली माणसं मात्र त्याच्याकडं हात पुढं करायची, तो त्यांचं बोट धरायचा आणि तेवढ्यापुरता विटाळ रजेवर जायचा. पाणी तो स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा. गावाबाहेरच्या विहिरीजवळ लिंबाच्या झाडाखाली एकटा बसून भाकरी खायचा. बहुतेक दारांतून एकच उत्तर यायचं, "यारिगू इल्ला." कुणालाच नाही. दिवसाला शंभर दारं, शंभर वेळा 'इल्ला'. ह्या शब्दासाठीच त्याला पगार होता, आणि आता हाच शब्द त्याच्या मुळावर आला होता.

झालं असं की चौऱ्याहत्तर सालच्या आषाढात मुंबईहून आमदारांची एक समिती जिल्ह्यात यायची ठरली. आरोग्यावर सरकार जो पैसा ओततं त्याचं फळ काय मिळतं, हे बघणं त्यांचं काम. तालुक्यात गेल्या वर्षी हिवतापाचे रोगी सापडले नऊ, आणि त्यांच्यासाठी दारोदार फिरणारी माणसं सोळा. हे आकडे मुंबईत कुणीतरी मोठ्यानं वाचले असणार आणि ऐकणारे हसले असणार. सोळांतली आठ माणसं कमी करावीत का, हे ठरवायला समिती येत होती. अशी समिती पूर्वीही एकदा आली होती. कर्मचारी रजेवर गेला की त्याच्या जागी फिरणारा एक बदली माणूस तेव्हा असायचा. 'कुणी रजेवर नसतं त्या दिवशी हा काय करतो?' असं त्या समितीनं विचारलं आणि तो माणूस गेला. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

"कुंडलिक, समितीला तुझं सिद्धनकेरी दाखवणार आहे," जिल्ह्याचे हिवताप साहेब म्हणाले. "डायऱ्या घरी बसून भरता येतात, हे त्यांना ठाऊक आहे. ते भिंती बघणार. तुझ्या भिंती चोख असतात. तू टिकलास तर सगळे टिकतील."

साहेब बोलले ते खरं होतं. कुंडलिकच्या भिंती चोख होत्या. एक तारीख सोडून.

ती तारीख होती अकरा डिसेंबर, मंगळवार. त्या मंगळवारी कुंडलिक सिद्धनकेरीत नव्हता. त्याची बायको गिरिजा सिव्हिल हॉस्पिटलात शेवटचे श्वास मोजत होती. रजा मागितली तर साहेब म्हणाले, 'बदली माणूस नाही, गावं मोकळी कशी ठेवू?' मग हळूच म्हणाले, 'तू थांब तिच्यापाशी. तारखा मागाहून भर. रिकामी जागा दिसली की वरून प्रश्न येतो.' गिरिजा त्याच मंगळवारी दुपारी गेली. पुढच्या फेरीला, पंचवीस तारखेला, कुंडलिकनं सिद्धनकेरीच्या शहाण्णव भिंतींवर दोन-दोन तारखा लिहिल्या, एक खरी आणि एक खोटी. तेरा वर्षांत त्यानं लिहिलेलं तेवढंच खोटं, आणि ते नेमकं गिरिजाच्या मरणाच्या तारखेचं.

एवढ्यावर भागलं असतं तर मन मारून जगता आलं असतं. पण पंचवीस तारखेला निंगव्वाच्या दारात त्यानं सवयीनं विचारलं, "घरात कुणाला ताप?" आतल्या अंधारातून निंगव्वाचा आवाज आला, "यारिगू इल्ला." तो तारखा लिहून वळला तेव्हा समोरच्या कट्ट्यावरच्या काशम्मानं त्याला खालच्या आवाजात सांगितलं, "आता कुनाला ताप येनार तितं? रुद्रप्पा गेला की. थंडी वाजून ताप येत हुता, शुक्रवारी गेला." रुद्रप्पा, निंगव्वाचा नवरा, पंचेचाळिशीचा गडी. अकरा तारखेला कुंडलिक आला असता तर बोट टोचलं असतं, चार गोळ्या दिल्या असत्या. हिवतापच होता की आणखी काही, हे आता देवालाही सांगता यायचं नाही, कारण रक्त कुणी घेतलंच नव्हतं. तालुक्याच्या नऊ रोग्यांत रुद्रप्पा नव्हता. तो कुठल्याच आकड्यात नव्हता.

तेव्हापासून दर फेरीला तो त्या दारात जायचा, तेच विचारायचा, तेच उत्तर ऐकायचा आणि तारीख लिहून सटकायचा. निंगव्वानं कधी जाब विचारला नाही. तिनं विचारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला परतताना दर वेळी वाटायचं. आपल्या घरीही कुणी गेलं, हे त्यानं ह्या गावात कुणाला सांगितलं नाही. मलेरियाला बायको असते, हेच मुळी गावाला ठाऊक नव्हतं.

नऊ जुलैच्या मंगळवारी त्यानं काशम्माला गाठलं. काशम्मा सरपंचाची आई. तिच्या कानात पडलं की दवंडी पिटायला नको.

"शुक्रवारी मुंबईचे आमदार येनार हाईत, काशम्मा. भिंती बगनार हाईत. सगळ्यास्नी सांगून ठिवा."

"भिंती? त्या कशाला रं, मलेरियाप्पा?"

"माजं काम बगाया. त्येच्यावर माजी नोकरी हाय."

इथं त्यानं नीट फोड करून सांगायला हवं होतं. भिंतीवरच्या तारखा बघणार आहेत, पोरांना हात लावू देऊ नका, पाणी उडवू देऊ नका, असं. पण 'तारखा' हा शब्द त्यानं टाळला. तो शब्द उच्चारला की कुणीतरी अकरा डिसेंबरकडं बोट दाखवील, असं त्याला वाटलं. तो नुसताच मान हलवून सायकलवर बसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही.

शुक्रवारी तो समितीच्या आधी तासभर पोचला आणि गावाच्या तोंडाशीच सायकलवरून उतरला. गाव पांढरंशुभ्र झालं होतं. आषाढात कुणी भिंत पोतारत नाही, पण सिद्धनकेरीच्या बायांनी पोतारली होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका घराची भिंत सोडली नव्हती. कोपरे, कट्टे, देवळीच्या कडा, सगळं हातानं सारवून, वर पांढऱ्या मातीचे दोन हात मारलेले. गेरूच्या चौकटी, तारखा, सह्या, वर्षाचं सगळं काम त्या पांढऱ्याखाली निवांत झोपलं होतं.

काशम्मा काठी टेकत पुढं आली. तिच्या नखांत अजून माती होती.

"बग की, कसं झक्क केलंय! साहेबलोक भिंती बगनार, तुजी नोकरी हाय त्येच्यावर म्हनलास न्हवं? बायांनी खुरपन सोडून दोन दिवस घातल्यात. मळकी भिंत बगून तुला बोल लागाया नको."

कुंडलिकनं सायकल स्टँडवर लावली. तेरा वर्षांत ह्या गावानं त्याच्यासाठी पहिल्यांदा काहीतरी केलं होतं, आणि जे केलं त्यानं त्याला उघड्यावर आणलं होतं. त्याला रडू आलं. काशम्माला वाटलं, आनंदानं आलं. तीही पदरानं डोळे पुसायला लागली.

"लई चांगलं केलंसा," तो कसाबसा म्हणाला.

आणि खोटं कशाला बोला, डोळे पुसताना त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात गार वाटलं. ह्या मातीखाली अकरा डिसेंबरही गेला होता. नोकरी जाईल ती जाईल, पण ती तारीख आता कुणी वाचणार नाही.

दोन मोटारी आल्या. साहेबांनी गाव बघितलं आणि त्यांचा चेहराही भिंतीसारखा झाला. समितीत चौघं होते. अध्यक्ष धोतर नेसलेले, साठीच्या पुढचे, हळू चालणारे गृहस्थ. बोलायचे कमी आणि बघायचे फार. त्यांच्या बरोबरचा तरुण आमदार मात्र तरतरीत होता, हातात वही, तोंडात प्रश्न तयार.

"कुठं आहेत तारखा?" त्यानं विचारलं.

"हितंच हुत्या, साहेब," कुंडलिक म्हणाला. "मंगळवारपत्तुर हुत्या."

"आणि नेमक्या आजच नाहीत. सोयीचं आहे."

साहेब घाईनं पुढं झाले, डायऱ्या दाखवू लागले. पण काशम्माला राहवलं नाही. तिनं काठी आपटली.

"आमीच पोतारल्या! तुमी भिंती बगनार म्हून सांगितलं ह्येनं. चांगल्या न्हाईत व्हय?"

अध्यक्षांनी तिच्या नखांकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग कुंडलिककडं. त्यांच्या मिशीत किंचित हसू आलं आणि गेलं. "चांगल्या आहेत, आजी," ते म्हणाले. "फार चांगल्या आहेत." मग साहेबांकडं वळले. "मला मुंबईला जाऊन एवढंच सांगायचं आहे. इथं दुखणं नाही म्हणून खर्च नको, की खर्च आहे म्हणून दुखणं नाही? ह्याचं उत्तर कागदात मिळत नाही. ते ह्या भिंतींवर होतं आणि ते गेलं. एकही घर राहिलं नाही?"

लोक एकमेकांकडं बघू लागले. शेवटी काशम्माच बोलली, पण ह्या वेळी हळू.

"एक ऱ्हायलंय. निंगव्वाचं. तिच्यात दुःख झालंय, वरीस व्हायचं हाय. सुतकाच्या वर्सात भिंतीला पोतारा लावत न्हाईत."

 शहाण्णव घरांत एकच भिंत उरावी आणि ती ह्याच घराची उरावी, असा डाव कुणी शत्रूनंही मांडला नसता.

सगळी वरात निंगव्वाच्या दारात गेली. पांढऱ्या आळीत तेवढंच एक घर मळकं, धुराटलेलं दिसत होतं. दाराशेजारी गेरूची चौकट फिकी झाली होती, पण आकडे स्वच्छ होते. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि भिंतीला नाक लावून, एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचायला लागले. सोळा ऑक्टोबर. तीस ऑक्टोबर. तेरा नोव्हेंबर. सत्तावीस नोव्हेंबर. अकरा डिसेंबर. त्यांचं बोट तिथं थांबलं नाही, पुढं गेलं. नऊ जुलैपर्यंत सगळ्या वाचून झाल्यावर ते सरळ उभे राहिले.

"वीस तारखा. एक मंगळवार चुकलेला नाही. ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका." ते तरुण आमदाराला म्हणाले, "ह्या माणसाची जागा कमी करायची म्हणता?"

तरुणानं वहीत काहीतरी खोडलं. साहेबांनी रुमालानं मान पुसली. सुटलो, असं कुंडलिकच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी त्याची नजर दाराकडं गेली. निंगव्वा उंबऱ्याच्या आत उभी होती. कपाळ मोकळं, पदर खांद्यावरून ओढून घेतलेला. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"बाई, हा माणूस दर पंधरवड्याला येतो ना?" अध्यक्षांनी जाता जाता विचारावं तसं विचारलं.

निंगव्वा बाहेर आली. तिनं कुणाकडं बघितलं नाही, भिंतीकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं वरून ओळी मोजल्या, बोटांवर, ओठ हलवत, आणि पाचव्या-सहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"येतंय. पर ह्ये दोन एकाच दिवशी लिवल्यात. मी आत बसून बगत हुते." तिचा आवाज सपाट होता, रागाचा नव्हता. "त्येच्या आदल्या बारीला आला न्हाय. आमचं मालक सकाळपास्नं हितं कट्ट्यावर घोंगडं पांघरून बसलं हुतं. आज मंगळवार हाय, मलेरिया येतंय, गोळी देतंय म्हनत. दिस बुडाल्यावर मी आत न्हेलं. शुक्रवारी गेलं."

 काशम्माची काठी दगडावर वाजली.

"मला कुनाचं वाईट करायचं न्हाय," निंगव्वा म्हणाली. "पर त्या दिवशी कुनी आलं हुतं असं माज्या भिंतीनं म्हनू नये."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "खरं आहे का हे?"

"खरं हाय, साहेब," कुंडलिक म्हणाला.

"कुठं होतास त्या दिवशी?"

उत्तर जिभेवर होतं. सिव्हिल हॉस्पिटल, बायांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. एक वाक्य बोललं असतं तर चौघांच्या माना खाली गेल्या असत्या, तरुणानं वही मिटली असती. पण समोर निंगव्वा उभी होती. तिचा नवरा घोंगडं पांघरून ह्याची वाट बघत बसला होता, आणि आता हा तिच्या दारात, तिच्या घरच्या मरणावर आपल्या घरचं मरण ठेवून सुटणार? कुंडलिकला ते जमेना. दोन मरणं तराजूत घालून आपली नोकरी तोलून घ्यायची, एवढा तो हिशेबी नव्हता. त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांना सगळं ठाऊक होतं. साहेब चष्मा पुसत उभे होते आणि तो चष्मा काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

"आलो न्हवतो, साहेब," कुंडलिक एवढंच म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा खिशात घातला. त्यांना आणखी काही विचारायचं असावं, पण विचारलं नाही. "एका खोट्या तारखेनं एकोणीस खऱ्या तारखांची किंमत घालवलीस, बाबा," ते म्हणाले आणि मोटारीकडं वळले. मोटारी गेल्या. लोक पांगले. इतक्या वर्षांत ह्या गावात तो एकटाच यायचा आणि एकटाच जायचा, पण त्या दिवशी सायकल हातानं ढकलत विहिरीपर्यंत जाताना त्याला जे एकटं वाटलं, ते पूर्वी कधी वाटलं नव्हतं. लिंबाखाली त्यानं फडकं सोडलं, भाकरीकडं बघितलं आणि तसंच बांधून ठेवलं.

पुढच्या मंगळवारची फेरी तेवीस जुलैला आली. दुसऱ्या दिवशी पंचमी होती. माहेरवाशिणी आल्या होत्या, झाडांना झोके बांधले होते. समितीच्या अहवालात काय येणार ते मुंबईला ठाऊक. कुंडलिकच्या हातात मात्र साहेबांच्या सहीचा कागद आधीच पडला होता. दोन वर्षं पगारवाढ बंद, आणि सिद्धनकेरीतली खोटी नोंद लाल पेन्सिलीनं खोडून तसा अहवाल द्यावा. ज्यांनी 'मागाहून भर' म्हटलं, तेच 'खोडून टाक' म्हणत होते, आणि दोन्ही वेळा पेन्सिल कुंडलिकची.

सकाळभर तो पांढऱ्या भिंतींवर नव्या चौकटी काढत फिरला. बाया दारात येऊन बघत होत्या. काशम्मानं त्याचा हात धरण्यासाठी हात पुढं केला आणि अर्ध्यातच थांबवला. "आमीच तुजं वाटोळं केलं रं, मलेरियाप्पा," ती म्हणाली.

"न्हाय, काशम्मा. माजं मीच केलं," तो म्हणाला आणि पुढच्या दारात गेला. "घरात कुणाला ताप?"

निंगव्वाच्या दारात तो सगळ्यांत शेवटी पोचला. त्या घरात पंचमी नव्हती. ती उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडत होती. त्याला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"नोकरी गेली का?"

"न्हाय. पगार वाढायचा हुता, त्यो ऱ्हायला."

"माज्यामुळं."

"न्हाय. तुमी खरं बोलला." त्यानं खिशातून लाल पेन्सिल काढली.

"ह्ये काय?"

"ती तारीख खोडाया सांगितलंय."

त्यानं अकरा डिसेंबरवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. रेघ ओढायची होती, एवढीशी, बोटाच्या पेराएवढी. हात हलेना. ह्या जगात गिरिजाच्या मरणाची तारीख एकाच ठिकाणी लिहिलेली उरली होती, आणि ती परक्याच्या भिंतीवर, खोटी म्हणून. हॉस्पिटलच्या कागदावर असेल कुठंतरी. पण तो कागद कोण बघतंय.

निंगव्वा त्याच्या हाताकडं बघत होती. सात महिने तिनं हे दार आतून अर्धं लावून ठेवलं होतं. आता ती म्हणाली, "कुटं हुता वं तुमी त्या दिवशी?"

अध्यक्षांनीही हेच विचारलं होतं. पण ते जाब विचारल्यासारखं होतं आणि हे एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं होतं.

"सिव्हिलात हुतो," कुंडलिक भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला. "मालकीन माजी. गिरिजा. दुपारी गेली."

"ह्याच दिवशी?"

"ह्याच दिवशी."

निंगव्वा उठली. तिनं भिंतीवरच्या त्या न वाचता येणाऱ्या आकड्यांवर तळवा ठेवला, अंगाला हात लावून ताप बघतात तसा. मग त्याच्या बोटांतून लाल पेन्सिल काढून घेतली. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि तिनं ती झटकली नाहीत.

"ऱ्हाऊ द्या ती."

"साहेबाचा हुकूम हाय."

"भिंत माजी हाय. साहेबास्नी सांगा, निंगव्वानं खोडू दिलं न्हाय." मग तिनं विचारलं, "आन आता घरात कोन हाय?"

तेरा वर्षं कुंडलिक दारोदार लोकांच्या घरातलं विचारत फिरला होता. त्याच्या घरातलं त्याला कुणी विचारलं नव्हतं.  मग ह्याच दारानं, ह्याच गावानं त्याला जो शब्द इतक्या वेळा ऐकवला होता, तोच त्याच्या तोंडून तिच्या भाषेत बाहेर पडला.

"यारू इल्ला," तो म्हणाला. कुणीच नाही.

निंगव्वानं पदरानं कट्ट्यावरची धूळ झाडली.

"कुंद्री," ती म्हणाली. बसा.

कुंडलिकनं सायकल भिंतीला टेकवली आणि तो कट्ट्यावर बसला, जिथं रुद्रप्पा त्या मंगळवारी बसला होता तिथंच. निंगव्वा पुन्हा सूप घेऊन उंबऱ्यावर बसली आणि ज्वारी निवडू लागली.